स्वयंपाकघरात कोण आहे

या, असे पुढं सरका. कीर्तनात मागं बसणारा माणूस अर्धं ऐकतो आणि अर्धं शेजाऱ्याला विचारतो, तसं नको. गोष्ट पंचवीस वर्षांपूर्वीची आहे, सगळी मिळून चार दिवसांची. भुताची नाही. तरी ऐकताना एकदा मागं वळून बघाल, एवढं कबूल करतो.

"मुडदा पाहिजे," शितोळेसाहेब म्हणाले.

मंगळवारची सकाळ, अकराचा सुमार. पुण्यातल्या एका बोळात ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ होता, तिथं आम्ही तिघं बसलो होतो. बाजीराव शितोळे हे निर्माते. बारामतीकडचे, अंगानं भरभक्कम, बोलायला मोकळे. हा त्यांचा पहिलाच सिनेमा. शलाका घोरपडे दिग्दर्शक, वय एकतीस, तिचाही पहिलाच. आणि तिसरा मी, सिद्धेश्वर गुरव, मूळचा वाईचा. सिनेमात माणसं चालतात, दारं लावतात, पाणी ओततात, त्यातले पुष्कळसे आवाज नंतर भरलेले असतात. माझ्यासारखा कुणीतरी माइकपुढं बसून पावलं, कड्या, भांडी, साडीची सळसळ असं सगळं देत असतो. उरलेल्या वेळात मी कीर्तनाला तबल्याची साथ करायचो. खरं सांगायचं तर उलटं होतं. कीर्तनातून उरलेल्या वेळात मी सिनेमा करायचो.

"कुठं पाहिजे मुडदा?" शलाकानं विचारलं.

"सुरुवातीला. पहिल्या दोन मिनिटांत. लोकांना कळाया नको का, भीतीचा पिक्चर आहे म्हणून?"

"भीतीचा म्हणजे मनातल्या भीतीचा आहे साहेब."

"असू दे की मनातला. मन काय, मुडद्याच्या आधी पण असतंय आणि नंतर पण असतंय."

सिनेमा असा होता. वसुधा नावाची एक बाई मनाच्या आजारासाठी तीन महिने दवाखान्यात राहून घरी परत येते. नवरा दार उघडतो, प्रेमानं आत घेतो, बसवतो आणि चहा करायला आत जातो. ती बाहेरच्या खोलीत एकटी बसून राहते. पहिलं रीळ एवढंच. पुढं सबंध सिनेमाभर तो नवरा तिला पटवत राहतो की तू विसरतेस, तुला भास होतात. वस्तू लपवतो तोच आणि शोधून देतो तोच. पण हे बघणाऱ्याला तासाभरानं कळतं. पहिल्या रिळात नुसता चहा.

रविवारी पंधरा-वीस ओळखीच्यांना बोलावून दाखवलं होतं. पडद्यावरचा चहा उकळेपर्यंत मागच्या रांगेत कुणीतरी कुणाला साखरपुड्याची तारीख विचारली. ते शलाकानं ऐकलं होतं.

"शुक्रवारी वितरक येणारेत," शितोळेसाहेब उठत म्हणाले. "मॅडम, तुमच्यावर भरवसा आहे म्हणून तर पिक्चर काढला. शुक्रवारी दुपारपर्यंत तुमच्या चहानं माणूस घाबरवून दाखवा. नाही जमलं, तर शेवटच्या रिळातला विहिरीतला मुडदा कापायचा आणि पुढं लावायचा. मी वाईट वाटून घेणार नाही. तुम्ही पण घेऊ नका."

ते गेल्यावर शलाका माझ्याकडं वळली.

"सिधूकाका, मुडदा आधी दिसला की संपलं. नवऱ्यानं पहिला कप पुढं केला की लोक म्हणणार, हाच खुनी. मग वसुधाबरोबर फसणार कोण? मला लोक तिच्या शेजारी बसायला हवेत. तिला जेवढं कळतं तेवढंच त्यांना कळायला हवं. ते गेलं तर हा माझा सिनेमा राहात नाही."

"मग भीती वाढवू या की आवाजानं," मी म्हणालो.

तो सबंध दिवस आम्ही भीती वाढवली. मी दाराला करकर दिली. नळाला टपटप दिली. एक कावळा घातला. तिनं खाली व्हायोलिनं सोडली, ती अशी की जणू कुणी तारेवर मांजर फिरवतंय. संध्याकाळी लावून बघितलं, तर दार असं करकरलं की शलाकाला स्वतःलाच हसू आलं.

"त्या बिजागरीत कुणीतरी तेल घाला," ती म्हणाली. मग हसू गेलं आणि तिनं डोळ्यांवर हात धरले.

मी विचारलं, "उद्या दुपारी चारला मोकळी आहेस?"

"का?"

"कमळाताईंचं कीर्तन आहे. मी साथीला आहे."

"काका, मी बुडतेय आणि तुम्ही मला देवळात बोलावताय."

"बुडताना लोक तिथंच जातात."

ती आली. माझ्यावर दया येऊन आली असावी.

दत्ताच्या देवळात उत्सव चालला होता. कमळाताई उपासनी तेव्हा बहात्तरच्या. उंचीनं एवढ्याशा, नऊवारी नेसलेल्या, हातात झांज. आवाज बारीक पण शेवटच्या खांबापर्यंत पोचणारा. पुढं दहा-बारा बायका मांडीवर कापूस घेऊन वाती वळत बसलेल्या. आमच्याकडं ही पद्धतच होती. कानानं कथा ऐकायची आणि हातानं देवाच्या वाती करायच्या.

पूर्वरंग झाला, मध्यंतरात ताईंना हार घातला, बुक्का लावला, आणि त्यांनी आख्यानाला हात घातला. मला आधीच बजावून ठेवलं होतं, "सिधू, मी पाट मांडला की हात मांडीवर. मी खूण करेपर्यंत बोटसुद्धा हलवायचं नाही."

त्या सांगू लागल्या. एका गावात एक बाई. घरात एकटी. ना मूल, ना माणूस. सकाळी उठली, सडा घातला, चूल पेटवली, भात टाकला. पानं घ्यायची वेळ झाली. तिनं पाट मांडला. शेजारी दुसरा पाट मांडला.

मी हात मांडीवर ठेवले. पेटीही थांबली.

कमळाताई त्या दुसऱ्या पाटाबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. बाई मीठ वाढते आहे. दोन्ही पानांत. लिंबाची फोड ठेवते आहे. दोन्ही पानांत. भातावर तूप घालते आहे, आधी शेजारच्या पानात. मग बसते आणि म्हणते, "उशीर केलास आज."

देवळात पंख्याची घरघर तेवढी होती. मी समोर बघितलं. एकाही बाईच्या मांडीवर वात फिरत नव्हती. आणि शलाका, जी मागच्या खांबाला टेकून बसली होती, ती गुडघ्यांवर येऊन बसली होती.

पुढं अर्थात देवच आला जेवायला, वाटसरूच्या रूपात. लोकांनी डोळे पुसले. आरती झाली, खिरापत वाटली गेली. शलाका सरळ कमळाताईंपुढं जाऊन बसली.

"ताई, तो दुसरा पाट कुणाचा, हे तुम्ही किती वेळ सांगितलंच नाही."

"सांगितलं असतं तर तू खिरापतीच्या रांगेत आधीच जाऊन उभी राहिली असतीस."

"पण मला भीती वाटली. तशी भीती घालता कशी तुम्ही?"

"मी कुठं घालते गं? मी एक पाट जास्त मांडते आणि गप्प बसते. भीती म्हण, ओढ म्हण, ती ज्याची त्यानं घरून आणलेली असते."

"आणि साधलं की नाही, ते कसं कळतं?"

कमळाताई हसल्या. "हातांवरून. बायका मान डोलावतात आणि मनात उद्याची भाजी निवडत असतात. मानेवर जाऊ नये. वाती थांबल्या की समजायचं, आता घर सोडून आल्या सगळ्या."

शलाकानं कापूस आवरणाऱ्या बायकांकडं बघितलं. मग माझ्याकडं. "काका, या उद्या दुपारी मोकळ्या असतील?"

विचारलं, तर एकच कालवा झाला.

"सिनेमा? दुपारचा?"

"माझी नात येते साडेपाचला. त्याच्या आत सोडाल ना?"

"भीतीचा असेल तर मी दाराजवळ बसेन."

"वाती आणायच्या का?" एकीनं विचारलं.

"वाती आणायच्याच," शलाका म्हणाली.

गुरुवारी दोन वाजता पाच जणी आल्या. त्यातल्या चौघी आपापल्या पायांनी आल्या, पाचवीला धरून आणलं होतं. त्या द्वारकाकाकू मोघे. वय अठ्ठ्याहत्तर. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, एकाचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलेलं. विटक्या पांढऱ्या लुगड्यातल्या, हाडाच्या बारीक. पण वाती त्यांच्याइतक्या सारख्या कुणाच्याच नव्हत्या. सगळं बोटांनी चालायचं.

"मला पडदा ढगासारखा दिसेल," त्या म्हणाल्या. "पण आवाज असेल ना त्यात? मग झालं."

शितोळेसाहेबही आले. "बायकांच्या हातावरनं पिक्चर पास होणार म्हणं. म्हटलं बघावं तरी."

शलाकानं सकाळीच रेकॉर्डिस्टला सांगून ठेवलं होतं. व्हायोलिनं बंद. करकर, टपटप, कावळा, सगळं बंद. फक्त माणसांचं बोलणं आणि मी आधी दिलेले साधे आवाज, पावलं, कडी, भांडी. "ताईंनी तुमचा तबला थांबवला, तसा आता माझा," ती मला म्हणाली.

भिंतीकडेचा एक छोटा दिवा ठेवला होता, हात दिसावेत म्हणून. रीळ सुरू झालं.

कडी वाजली. दार उघडलं. नवऱ्याचा मऊ आवाज, "ये. दमली असशील. बस, मी चहा टाकतो." वसुधाच्या चपला, पिशवी खाली ठेवल्याचा आवाज. ती खुर्चीत बसली, केस सारखे केले, हात खुर्चीच्या दांडीवर टेकले. नवरा आत गेला. आता पडद्यावर ती एकटी, आणि आतून भांड्यांचे आवाज. पातेलं, झाकण, चमचा, कपबशी.

मी हातांकडं बघत होतो. चार जणींच्या वाती निवांत फिरत होत्या. एकीनं तर जांभईही दिली. आणि मग माझं लक्ष गेलं, द्वारकाकाकूंचे हात थांबले होते. अर्धी वात बोटांत तशीच.

रीळ संपलं, दिवे लागले.

"चौघींच्या चालू आहेत," शितोळेसाहेब म्हणाले. "आणि त्या आजींना डोळा लागलाय. मॅडम, मुडदा कापायला सांगू?"

"जागी आहे हो मी," द्वारकाकाकू म्हणाल्या. "आत कोण आहे?"

"आत म्हणजे?" शलाका त्यांच्यापुढं वाकली. "स्वयंपाकघरात? नवरा आहे काकू. चहा करतोय."

"तो झाला. त्याच्याबरोबर कोण आहे?"

"कुणी नाही."

"मग बांगड्या कुणाच्या वाजल्या?"

आम्ही एकमेकांकडं बघितलं. काकूंनाच वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. त्या सावकाश समजावू लागल्या. "ती मुलगी आली ना, तिनं कडी वाजवली, पिशवी ठेवली, ढगात दिसलं तेवढ्यावरून केसही सारखे केले. कुठंच वाजलं नाही. म्हणजे तिच्या हातात काही नाही. मग आत पातेलं ठेवलं, तेव्हा वाजल्या. काचेच्या आहेत. पाच-सहा असतील. चमच्याच्या वेळी पुन्हा वाजल्या. म्हणून विचारलं. दुसरी बाई आहे का घरात? आणि हिला ते ठाऊक नाही का?"

शलाकानं माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यानं मी कानापर्यंत तापलो.

सांगतो का ते. भांड्यांचे आवाज द्यायला बसताना मी दोऱ्यात ओवलेल्या सहा काचेच्या बांगड्या मनगटाला बांधत असे. पडद्यावरच्या स्वयंपाकघरात बाई असणारच, मग तिच्या बांगड्या वेगळ्या कुठं देत बसा, भांड्यांबरोबरच होऊन जायच्या. हाताला तशी सवयच होती. अठरा वर्षं मी हे काम करत होतो आणि त्या अठरा वर्षांत माझ्यापुढं आलेल्या एकाही सिनेमात पुरुषानं चहा केला नव्हता.

"माझी चूक आहे," मी म्हणालो. "हाताच्या सवयीनं झालं. कुणाच्याच कानाला खटकलं नाही."

खटकणार कसं? शलाकानं ते रीळ चाळीस वेळा बघितलं असेल. पण भांडी वाजली की बांगड्या वाजायच्याच, हे आम्ही सगळ्यांनीच कानात धरलेलं.

"म्हणजे चूक सापडली," शितोळेसाहेब म्हणाले. "काढून टाका. आजी, उपकार झाले."

"थांबा," शलाका म्हणाली. तिचा आवाज अगदी हळू होता. "रीळ परत लावा. काहीही बदलू नका."

दिवे गेले. तीच कडी, तेच दार, तोच मऊ आवाज. वसुधा बसली. केस सारखे केले, आणि खरंच, तिच्या गोऱ्या मनगटांवर काही नव्हतं. ते मी पहिल्यांदा बघितलं. नवरा आत गेला. पातेलं ठेवलं गेलं. बारीक किणकिण झाली.

एकीची वात थांबली. दुसरीची थांबली. चमचा फिरला, पुन्हा किणकिण झाली, आणि पडद्यावर वसुधानं मान थोडी वर केली. ती मान तिथं पहिल्यापासून होती. मघाशी ती नुसती कंटाळलेल्या बाईची मान होती. आता तिनं ऐकलं होतं. ऐकून ती गप्प बसली होती, कारण ती आजच दवाखान्यातून सुटली होती आणि आपल्याला काय ऐकू येतंय हे कुणाला सांगायची तिची छाती नव्हती.

नवरा दोन कप घेऊन बाहेर आला. त्याच्या मागं रिकामं दार. पाचही जणींचे हात मांडीवर पडलेले. आणि शितोळेसाहेब, मी शपथेवर सांगतो, आपल्या मागच्या बंद दाराकडं वळून बघत होते.

दिवे लागल्यावर जांभई देणारी बाई म्हणाली, "अगं बाई, तो चहा पिऊ नको म्हणावं तिला."

शलाका खुर्चीवर नीट बसलीही नव्हती. "सातव्या रिळात काय आहे आठवतंय का काका? दवाखान्यात तिच्या बांगड्या काढून रुमालात बांधून नवऱ्याच्या हाती दिल्या होत्या. सातव्या रिळात तो त्या चहाच्या डब्यातून काढतो. मीच लिहिलंय, मीच चित्रित केलंय. त्या डब्यात तो त्या कशाला ठेवतो, याचं उत्तर मला कुणी विचारलं असतं तर देता आलं नसतं." तिनं पडद्याकडं हात केला. "तो त्या वाजवतो. पहिल्या दिवसापासून वाजवतो. तिला भास होतायत असं तिला वाटावं म्हणून. मलाच माहीत नव्हतं."

शितोळेसाहेबांनी खिशातून रुमाल काढून मान पुसली. "मुडदा विहिरीतच राहू द्या," ते म्हणाले.

शुक्रवारी वितरक आले. दोघं होते, सिनेमे बघून बघून निबर झालेले. पहिलं रीळ संपल्यावर रीळ बदलायला मिनिटभर लागतं, तेवढ्यात त्यातला एक पुढं वाकून विचारता झाला, "बाई, स्वयंपाकघरात कोण आहे?"

"पुढचं रीळ लावा," शलाका म्हणाली.

सुरुवात तशीच राहिली. सिनेमा चालला. लोकांनी त्या सुरुवातीचं नाव घेतलं, वर्तमानपत्रांत लिहून आलं की दिग्दर्शिकेनं एका आवाजात सगळा सिनेमा पेरून ठेवला आहे. शलाका जिथं जाईल तिथं सांगायची की तसं नाही, पण तिचं ते बोलणं लोकांना विनय वाटायचं.

मला मात्र एक कोडं राहिलं होतं. बाकीच्या चौघींचेही कान चांगले होते. मग त्या एकीलाच का? म्हणून गुरुवारी संध्याकाळी द्वारकाकाकूंना घरी सोडताना रिक्षात मी विचारलं होतं.

"काकू, तुमच्या कानाला कसं लागलं ते?"

त्यांनी आपल्या मोकळ्या मनगटावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "मी सव्वीस वर्षांची होते तेव्हा माझ्या काढल्या. त्यानंतर वर्षभर मी कामं करताना मध्येच थांबायचे. भांडी घासता घासता, दळता दळता. वाटायचं, हे दुसरंच कुणीतरी करतंय. कारण काम होत होतं आणि हात वाजत नव्हते." रिक्षा खड्ड्यातून गेली, त्यांनी माझा दंड धरला. "सासूबाई म्हणायच्या, हिला भास होतात. मला भास होत नव्हते रे. नसलेलं ऐकू येत नव्हतं मला. असायला हवं ते ऐकू येत नव्हतं. त्या मुलीचे हात आज तसे आले आत. मुके."

तेवढ्यात त्यांचं घर आलं.

पडद्यावर येणाऱ्या नावांच्या पाट्यांत त्यांचं नाव घालावं म्हणून शलाकानं पुष्कळ खटपट केली. पाट्या छापून तयार होत्या, प्रती निघायला लागल्या होत्या. शिवाय कुणीतरी विचारलं की नाव घालायचं ते कोणत्या कामाखाली? त्याला शब्द सापडला नाही. मी काकूंना जाऊन सांगितलं तर म्हणाल्या, "माझं नाव कशाला? मी काय केलं? नुसतं विचारलं."

डोळ्याचं ऑपरेशन व्हायच्या आधीच्या रविवारी त्या झोपेतच गेल्या. सिनेमा लागायला अजून दोन महिने होते. सबंध सिनेमा त्यांनी ऐकलाच नाही.

एवढीच गोष्ट. माझं नाव त्या पाट्यांत आहे, बारीक अक्षरांत, आणि ते वाचताना मला दर वेळी थोडं खाली बघावं लागतं. म्हणून तुमच्याकडं एक मागणं आहे. आज घरी जाल, देवापुढं हात जोडाल, तेव्हा आपल्या माणसांची नावं घेऊन झाली की शेवटी आणखी एक घ्या. द्वारका विनायक मोघे. तेवढी आठवण राहू द्या त्यांची.